खाली न बसणारी केरसुणी

१८ ऑक्टोबर १९९८, रविवार
(दुकान बंद, गुडघे चालू)

तीर्थरूप हिसाए ताईस,
धाकट्या मित्सुएचा गुडघे वाकतील तेवढा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. दारातली शेवंती यंदा जरा लवकरच उमलली, मांजर जाड झालंय, आणि समुद्रावरून वारा सुटला की माझा डावा गुडघा हवामान खात्याच्या आधी बातमी देतो. तुझा रक्तदाब कसा आहे? भाऊजींचं घोरणं कमी झालं का, की तूच ऐकेनाशी झालीस? तू पाठवलेली सुकी माकुळं गुरुवारी पोचली आणि त्यांच्याखाली ठेवलेलं पत्रही पोचलं. माकुळं चांगली चिवट होती, पत्र त्याहून चिवट निघालं. माकुळं तासभर पाण्यात घातली की मऊ होतात. तुझ्या पत्राला तसा काही उपाय नसल्यामुळे मी ते कोरडंच तीनदा वाचलं आणि रीतीप्रमाणे पूर्वजांच्या देव्हाऱ्यात बाबांच्या फोटोपुढे ठेवून घंटा वाजवली, म्हणजे थोरल्या लेकीचे विचार त्यांनाही कळावेत. बाबा काही बोलले नाहीत. (हयातीतही तुझ्यापुढे ते फारसे बोलत नसत.)

तुझ्या पत्रात तीन हुकूम आहेत. एक, मी गेम सेंटरात पाऊल टाकायचं नाही. दोन, शिमोमुरा अध्यक्षांची माफी मागून समितीची हिरवी पट्टी परत दंडावर बांधायची. तीन, गेम सेंटर बंद करण्याच्या अर्जावर मुकाट्याने माझा शिक्का मारायचा. यांची उत्तरं अनुक्रमे नाही, नाही आणि नाही अशी आहेत. पुढे 'राग मानू नकोस' असं लिहिणार होते, पण खुशाल मान. तू कानाझावाला आहेस, मी इथे आहे आणि मधे तीन तासांची रेल्वे आहे. शिमोमुरांच्या बायकोने (ती तुझी वर्गमैत्रीण असली तरी मी तिला 'वहिनी' म्हणणार नाही) फोनवर जे सांगितलं ते निम्मंच आहे. उरलेलं निम्मं तिला माहीतच नाही. ते आता मी सांगते. चहा घेऊन बस.

तर मी आपल्या पेठेच्या मुलांना वळण लावणाऱ्या समितीत नऊ वर्षं आहे हे तुला ठाऊकच आहे. शाळेच्या गणवेशाचं दुकान असलेल्या विधवेला असल्या समितीतून सुटका नसते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी साडेपाचला पट्टी बांधून गस्त घालायची आणि सहाच्या ठोक्याला सोळा वर्षांखालच्या सगळ्यांना गेम सेंटरातून घरी पिटाळायचं, एवढंच काम. गेम सेंटर म्हणजे ओगातासानचं, आपल्या बाबांच्या जाळ्यांच्या कोठारातलं. तू बरीच वर्षं आत गेलेली नाहीस. जिथे जाळी टांगलेली असायची तिथे आता बावीस मशिनं आहेत, पण दमट दिवशी अजून बांगड्याचा वास येतो. पहिली आठ वर्षं मला त्या जागेचा मनापासून तिटकारा होता. तो आवाज! बावीस मशिनं एकदम ओरडतात आणि एकही दुसऱ्याचं ऐकत नाही, म्हणजे आमच्या समितीसारखंच, फक्त दिवे जास्त.

गेल्या एप्रिलमधल्या एका शुक्रवारी एक मुलगी मारामारीच्या मशिनवर बसलेली होती. अंगात नाविक कॉलरचा गणवेश, माझ्याच दुकानातला. बाह्या मीच दोनदा सोडून दिलेल्या. सहा वाजले. मी म्हटलं, "चल ऊठ." पोरगी गुणी, लगेच उठली. पण उठता उठता म्हणाली, "आजी, नाणं नुकतंच टाकलंय हो. वाया जाईल." आता तूच सांग. वाडग्यात भाताचं एक शीत राहिलं तर डोळे फुटतात, असं म्हणत आईने आपल्याला वाढवलं. अख्खं नाणं माझ्या डोळ्यांदेखत वाया जाऊ देऊ? मी बसले. दंडावर हिरवी पट्टी, पट्टीवर पांढऱ्या अक्षरात 'मार्गदर्शक', आणि मार्गदर्शकाला कुठलं बटण कशाचं हे माहीत नाही. पडद्यावर आठ खेळाडूंचे चेहरे होते. सात जण नुसती छाती नाहीतर नुसत्या मांड्या होत्या, आणि आठवी एक पाठीत वाकलेली, हातात केरसुणी घेतलेली म्हातारी होती. तिच्याकडे बघून मला घरच्यासारखं वाटलं. मी तिलाच घेतलं.

या मशिनांची बसण्याची रीत तुला सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. दोन मशिनं पाठीला पाठ लावून ठेवलेली असतात. तू या बाजूला मुकाट्याने खेळत असतेस, तेवढ्यात पलीकडून कुणीतरी नाणं टाकतं आणि तुला न विचारता तुझ्याशी लढायला येतं. ते कोण हे दिसत नाही. बटणांचा खडखडाट ऐकू येतो, फार तर एखादा खोकला. वाकून पलीकडे बघायचं नाही, हा तिथला शिष्टाचार; सार्वजनिक न्हाणीघरात भिंतीवरून डोकावण्याइतकंच ते असभ्य समजतात. माझ्या मते ही रीत आपल्याच लोकांनी काढलेली असणार. समोरासमोर बसून कुणाला हरवायचं म्हटलं तर आपण आधी तीनदा वाकतो, मग चहा विचारतो आणि शेवटी स्वतःच हरून घरी जातो. आपल्याला मारायला आडोसा लागतो.

त्या पहिल्याच शुक्रवारी पलीकडून नाणं पडलं आणि पडद्यावर एक शिडशिडीत मुलगी छत्री घेऊन उतरली. उतरली ती थेट माझ्या डोक्यावर. छत्रीवाली उंच उडी मारायची आणि वरून टोक खुपसायची. त्यावर उतारा अगदी साधा होता: मशिनची दांडी खाली ओढायची, म्हातारी उकिडवी बसते, छत्री डोक्यावरून निघून जाते आणि मग खालून केरसुणी हाणायची. ओगातासानने मला ते वीस वेळा समजावलं. पण माझा हात खाली जायचाच नाही! दांडी ओढायला जावं तर माझ्याच गुडघ्यातून कळ यायची. साठीला आलेली बाई उगीच उकिडवी कशाला बसेल? तेव्हा माझी म्हातारी ताठ उभी राहायची आणि ताठ उभ्याने मार खायची. एप्रिलपासून सहा महिने मी त्या छत्रीकडून रोज हरले. हो, रोज. मंगळवार-शुक्रवारचं कधी रोज झालं ते मलाही कळलं नाही. शिमोमुरांची बायको तुला 'कधीमधी जाते' म्हणाली असेल तर ती माझी बदनामी आहे.

आता जरा चिझुरुकडे वळते. तू तिला लग्नात पाहिलंस आणि 'फार सभ्य मुलगी' म्हणालीस. ताई, तुझी दृष्ट लागली. आमचा इसामु मालवाहू बोटीवर, वर्षातून दोनदा वीस-वीस दिवस घरी. बाकीचं वर्षभर घरात सासू आणि सून, आणि दोघी इतक्या सभ्य की घरात मांजर सोडून कुणी खरं बोलत नाही. ती म्हणणार, "अहो आई, आपली हरकत नसेल तर आंघोळीचं पाणी तापलंय." मी म्हणणार, "छे छे, आधी तू." ती म्हणणार, "नाही नाही, आधी आपण." गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघींनी एकमेकींच्या सभ्यपणापायी कितीदा गार पाण्याने आंघोळ केली याची गणती नाही. बाहेर जाताना ती चिठ्ठी ठेवते तीसुद्धा ब्रशने, वळणदार, चौकटीत लावावी अशी. भांडण नाही, धुसफूस नाही. सहा वर्षांत मला तिच्याबद्दल फक्त एवढंच कळलं होतं की ती पाचपर्यंत मच्छीमार सोसायटीत हिशेब लिहिते आणि नंतर भाजी घ्यायला जाते. भाजीला दीड तास लागतो याचं मला नवल वाटायचं, पण विचारायचं कसं? तीही माझ्या गस्तीबद्दल कधी विचारत नव्हती.

गेम सेंटरात चहाच्या डब्यांच्या मशिनशेजारी एक वही दोरीने बांधलेली असते. येणारेजाणारे तिच्यात टोपणनावाने लिहितात: कुणाला हरवलं, कुणाचा डाव कसा चुकला, कोण कुणाला उद्या बघून घेणार आहे. पेन्सिल एकच, तिला टोक नाही, त्यामुळे सगळ्यांचं अक्षर सारखंच, कोंबडीचे पाय. मी 'केरसुणी' या नावाने लिहायला लागले. मेमध्ये तिथे 'छत्री'ने मला उद्देशून लिहिलं, "केरसुणीभाऊ, तुम्ही कधीच खाली का बसत नाही? मान दुखावतो का?" (मला भाऊ समजली. इतका हट्टीपणा पुरुषाचाच असणार, असं तिला वाटलं असावं.) मीही समोर एखादा बँकेतला पोरगेला कारकून धरून उत्तर दिलं, "छत्रीशेठ, आमच्या घराण्यात कुणी खाली बसत नाही." तेव्हापासून आमचा पत्रव्यवहार जमला. तुझ्याशी जेवढं लिहीत नाही तेवढं मी छत्रीशी लिहिलं, आणि तिथे नमस्कार-चमत्कार काही नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी छत्रीने लिहिलं, "भाऊ, आज डाव नीट लागला नाही. डोकं घरी अडकलंय. घरी सासू आहे. वाईट नाही. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. सहा वर्षं रोज सकाळी म्हणते, मुळ्याचं लोणचं छान झालंय. मला माहीत आहे ते खारट असतं." आता तू म्हणशील, गाढवे, तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं. छत्रीशेठ बाई आहे एवढं कळलं, आणि मी थोडी लाजलेही. पण सासू हा शब्द वाचला की माझ्या डोळ्यांपुढे माझी सासू येते, मी येत नाही. मला त्या परक्या सासूचा असा संताप आला की मी दीड पान लिहिलं. ती बाई लबाड आहे, लिहिलं. गोड बोलून माणसाला लांब ठेवण्याची ही जुनी युक्ती आहे, लिहिलं. तिला घाबरू नकोस, उद्या लोणचं छान झालंय म्हणाली की डोळ्यांत डोळे घालून सरळ विचार, 'खरंच?' शेवटच्या शब्दाखाली दोन रेघाही मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाताबरोबर मुळ्याची फोड तोंडात टाकली आणि म्हटलं, "लोणचं छान झालंय हो." चिझुरुने चॉपस्टिक खाली ठेवल्या, हात मांडीवर घेतले, डोळ्यांत डोळे घातले आणि विचारलं, "अहो आई, खरंच?" ताई, मला जो ठसका लागला तो मांजर माडीवर पळेपर्यंत थांबला नाही. डोळ्यांतून पाणी आलं. ती पाठ चोळायला धावली, माफी मागायला लागली, आणि मी, जिने दोन रेघा मारून शूरपणा शिकवला होता, काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "म्हणजे... मुळा ताजा होता."

सांगून टाकायला हवं होतं, कबूल. नाही सांगितलं. भित्रेपणा म्हण. पण त्याहून मोठं कारण होतं, आणि ते तुला मुद्दाम सांगते, कारण तुझ्या पत्रात 'त्या घाणेरड्या खेळात तुला मिळतं तरी काय' असा प्रश्न आहे. केरसुणी म्हणजे सासू हे कळलं असतं तर छत्री त्याच क्षणी उठून उभी राहिली असती, वाकली असती आणि 'आधी आपण' म्हणाली असती. मग तिने मला पुन्हा कधी मारलं नसतं. आणि ती मला मारते ते मला आवडतं, ताई. सहा वर्षांत तिच्याकडून मला मिळालेली ती एकच खरी गोष्ट होती. म्हणून मी जीभ चावून गप्प राहिले आणि रोज साडेपाचला आनंदाने मार खात राहिले.

अशात शिमोमुरांनी अर्ज काढला. गृहस्थ उपमुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून सगळं गाव त्यांना मागच्या बाकावर बसलेलं दिसतं. गेम सेंटर बंद करावं असा समितीचा अर्ज नगरपालिकेत द्यायचा, पण त्यावर नऊच्या नऊ सभासदांचे शिक्के हवेत. आठ झाले. मी म्हटलं, "विचार करते." आपल्याकडे याचा अर्थ 'नाही' असा होतो हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण न कळल्यासारखं दाखवण्यात शिमोमुरा तरबेज. तीन आठवडे माझा विचार चालू आणि त्यांचं वाट बघणं चालू. मग त्यांनी तो कागद गल्लीच्या फिरत्या पाटीला लावला. घरोघर फिरणारी ती नोटिसांची पाटी कोण वाचतं? आली की दारात ठेवलेला आडनावाचा शिक्का मारायचा आणि शेजारच्या घरी द्यायची. वाचून शिक्का मारायचा म्हटलं तर पाटी वर्षभर गल्लीतच राहील. त्या दिवशी मी दुकानात होते. चिझुरुने गटारसफाईवर शिक्का मारला, भंगार गोळा करण्याच्या तारखांवर मारला आणि तिसऱ्या कागदावर, रिकाम्या नवव्या चौकटीत, तोही न वाचता, अगदी सरळ आणि सुबक मारला. पाटी शेजारी दिली आणि भाजी घ्यायला म्हणून गेम सेंटरात येऊन मला बदडलं. स्वतःच्या हाताने स्वतःचीच छत्री मोडून आली आणि तिला पत्ताही नाही.

मला ते कळलं थेट सभेत, दहा तारखेला, शनिवारी दुपारी तीन वाजता. समाजमंदिरात सगळे जमलेले, चहाची पाळी आमच्या गल्लीची, म्हणून किटली घेऊन फिरतेय कोण, तर चिझुरु. शिमोमुरांनी कागद वर धरला आणि म्हणाले, नऊ शिक्के झाले, सोमवारी अर्ज जाईल, इसोगाईबाईंचे, म्हणजे माझे, विशेष आभार. मी उठले. (गुडघ्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, असं मागाहून कळलं.)

मी म्हटलं, "तो शिक्का माझा नाही."

"इसोगाई असं स्वच्छ लिहिलंय, बाई."

"तो दारातल्या कपात ठेवलेला शिक्का आहे. कालच त्याच शिक्क्याने मी बटाट्यांचं खोकं उतरवून घेतलं. उद्या बटाटेही तुमच्या अर्जाला अनुकूल आहेत म्हणाल!"

"घरचा शिक्का तो घरचाच," शिमोमुरा शांतपणे म्हणाले. "आणि मला एक सांगा, असल्या जागेची बाजू घेता तुम्ही? सभ्य घरातलं कोण जातं हो तिथे?"

ताई, इथे मी गप्प बसू शकले असते. शिक्क्याचा मुद्दा मीच जिंकत होते. पण 'सभ्य घर' हे शब्द माझ्या डोक्यात गेले. त्या सभ्य घरात सहा वर्षं मी गार पाण्याने आंघोळ केली होती. मी ओरडले (शिमोमुरांची बायको म्हणाली ते एवढं खरं), "मी जाते! एप्रिलपासून रोज जाते! केरसुणी ती मीच!"

या शेवटच्या वाक्याचा अर्थ सभेत कुणालाही लागला नाही. फक्त खजिनदारांच्या कपातला चहा भरला, बशी भरली आणि मग खजिनदारांची पँट भरली, तरी किटली वाकडीच राहिली. मग चिझुरुने किटली खाली ठेवली, पुढे येऊन चटईला कपाळ टेकवलं आणि तिच्या सगळ्यात सभ्य आवाजात म्हणाली की शिक्का तिने मारला, न वाचता मारला, सर्वस्वी चूक तिची, सासूबाईंचा त्यात काही संबंध नाही. एवढं झाल्यावर तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "अहो आई... केरसुणी...भाऊ?"

अर्ज बारगळला. सभासदाचा स्वतःचा शिक्का हवा हा नियम शिमोमुरांनीच नऊ वर्षांपूर्वी लिहिलेला, त्यामुळे त्यांना तो मोडवेना. पण पट्टी मात्र ठेवून जा म्हणाले. ठेवली. टाचणी काढताना ब्लाउजची बाही टरकन फाटली, तीही आवाज करून. आम्ही दोघी बाहेर पडलो. नेहमीसारखी मी पुढे आणि ती चार पावलं मागे. नाक्यावर डावीकडे घर आणि उजवीकडे कोठार. मी उजवीकडे वळले. मागची पावलं क्षणभर थांबली आणि मग उजवीकडे वळली.

मी माझ्या बाजूला बसले, ती तिच्या. पहिल्या फेरीत माझ्या मनात होती तीच भीती खरी ठरली. छत्रीवाली छत्री मिटून, पाहुणीसारखी, अदबीने उभी. मी केरसुणीने मारते आहे आणि ती मार खाते आहे! मी जिंकले. आयुष्यात असं वाईट जिंकले नव्हते. मला वाटलं, गेलं, आता ही जागाही गेली, इथेही 'आधी आपण' येऊन बसलं. मला रडूच यायला लागलं, आणि मला रडू आलं की राग येतो हे तुला माहीत आहे. मी मशिनवर थाप मारली आणि पलीकडे ओरडले, "छत्रीशेठ, मारायचं असेल तर मारा, नाहीतर घरी जाऊन पाणी तापवा!"

मग छत्री उघडली. दुसऱ्या फेरीत तिने मला जे काही तुडवलं त्यात सहा वर्षांचं लोणचं होतं, गार पाणी होतं, ब्रशने लिहिलेल्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या. ओगातासान गल्ला सोडून बघायला आला. तिसऱ्या फेरीत दोघींचा जीव एवढा एवढासाच उरलेला, छत्रीवालीने उंच उडी घेतली, माझी म्हातारी नेहमीसारखी ताठ उभी, आणि तेवढ्यात मशिनच्या पलीकडून आवाज आला:

"अगं आई, बस ना खाली!"

अहो नाही. आपण नाही. अगं! मी बसले, ताई. गुडघ्याला कळायच्या आत हात खाली गेला, म्हातारी उकिडवी बसली, छत्री डोक्यावरून गेली आणि मी खालून केरसुणी अशी हाणली की पडदा लाल झाला. जिंकले. सहा महिन्यांत पहिल्यांदा, आणि या वेळी खरीखुरी. पलीकडून मूठ आपटल्याचा आवाज आला, एक शिवी आली (चांगली होती, लिहीत नाही) आणि मग हसू ऐकू आलं. माझी सून हसते कशी ते मला तोवर माहीत नव्हतं. नाकातून हसते, घोड्यासारखी. मग मी शिष्टाचार गुंडाळून ठेवला, उठले आणि वाकून पलीकडे बघितलं.

तेव्हा तुझ्या तीन हुकमांची तीच तीन उत्तरं पुन्हा देते. मी जाणार. रोज साडेपाचला जाणार, आता दोघी बरोबर जाणार, आणि भाजी येताना घेणार. माफी मागणार नाही. पट्टी शिमोमुरांनी हवी तर स्वतःच्या दोन्ही दंडांवर बांधावी. माझा शिक्का मी शिवणाच्या डब्यात ठेवलाय आणि डब्यावर मांजर झोपतं. गाव काय म्हणेल असं तू विचारलंस. गाव म्हणतंय. म्हणू दे. एकोणसाठ वर्षं मी गावाचं ऐकून ताठ उभी राहिले, आता जरा बसते.

भाऊजींना नमस्कार. तुझ्या रक्तदाबाला माझ्यामुळे काही झालं असेल तर तेवढ्यापुरती क्षमा असावी, बाकीच्यापुरती नको.

तुझी न ऐकणारी,
मित्सुए

ता. क. वरचं सगळं वाचलं नाहीस तरी चालेल, पण एवढं वाच. पुढच्या रविवारी शिमोमुरा नवराबायको 'सहज' म्हणून तुझ्याकडे येणार आहेत. बरोबर कास्तेला केक असेल आणि पिशवीत केकच्या खाली कागद असेल. समितीचा रस्ता बंद झाला, म्हणून आता जागामालकाकडून ओगातासानला जागा खाली करायची नोटीस द्यायचा त्यांचा बेत आहे. कोठार बाबांनी थोरली म्हणून तुझ्या नावावर केलं. मी तेव्हा काही बोलले नव्हते, आजही बोलत नाही. केक खा, चांगला असतो. शिक्का मारू नकोस. हुकूम नाही, विनंती आहे. हवं तर गुडघे टेकून करते, दुखले तरी.

ता. क. दोन. वर्गमैत्रिणीपुढे अगदीच नाइलाज झाला तर शिक्का उलटा मार, म्हणजे मनाविरुद्ध मारला हे कळेल, असं लिहिणार होते. पण नगरपालिकेत उलटा शिक्काही सुलटाच धरतात. तेव्हा तोही नको. शिक्का हरवलाय म्हण. बाबा असंच म्हणायचे.

ता. क. तीन. सोबत चिझुरुने मुळ्याचं लोणचं पाठवलंय. छान झालंय असं कळवू नकोस. आज सकाळी मी तिला तोंडावर सांगितलं, "खारट झालंय." ती भांडी घासत होती, मागे वळूनही न बघता म्हणाली, "अगं, मग तू घाल की." ताई, या 'अगं'ला सहा वर्षं लागली. शिक्का मारू नकोस.